घोडामैदान जवळच आहे

जव्हारला शाळेची सहल नेली की मुलं हनुमान पॉइंटवर रमतात आणि मी शिरपामाळावर. उघडा माळ, पिवळं पडलेलं गवत, चहूकडं डोंगर. सुरतेच्या मोहिमेवर जाताना छत्रपती शिवाजी महाराजांचा तळ इथं पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांना इथं भेटले आणि मानाचा शिरपेच दिला, म्हणून हा शिरपामाळ, असं इथली परंपरा सांगते. १६६४च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मराठ्यांचं घोडदळ सुरतेच्या वेशीवर पोहोचलं होतं. म्हणजे साधारण आम्ही सहल नेतो त्याच दिवसांत हे घोडे या डोंगरांतून गेले.

गेल्या वेळी मी हे सांगत असताना आठवीतल्या एका मुलानं विचारलं, "सर, एवढ्या घोड्यांनी इथं खाल्लं काय?" आणि त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, "सर, इतके घोडे एकदम पळाले की आवाज कसा येतो?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे. महाराजांनी चिपळूणजवळ छावणीत असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना एक पत्र लिहिलं. दाणा-वैरण आताच उधळू नका, पावसाळा निघाला पाहिजे. गवताच्या गंजींजवळ विस्तव बेफिकिरीनं वापरू नका. रयतेकडून फुकट काही उचलू नका. हा त्या पत्राचा आशय. घोडा नुसत्या शौर्यावर पळत नाही. त्याच्या पोटात कुणाच्या तरी शेतातलं गवत असतं. घोड्याचा खर्च कुणावर पडतो, हे ज्या राजानं विचारलं त्याचं घोडदळ टिकलं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नाही. तो आवाज ऐकावा लागतो. आज घोडदळं फारशी उरली नाहीत. दहा-पंधरा घोडे जिवाच्या आकांतानं एकत्र पळताना ऐकायचे असतील, तर शर्यतीच्या मैदानाशिवाय जागा नाही. आणि मी पडलो मुसलमान शिक्षक. इथंच घोडं पेंड खातं.

शर्यत आणि शर्त

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळं शब्दांची वंशावळ काढण्याची खोड आहे. मराठी घोडा अरबी-फारसी साज घालून उभा आहे. लगाम, जीन, रिकीब, नाल, चाबूक, तोबरा, तबेला, पागा, बारगीर, शिलेदार हे सगळे शब्द तिकडून आले आणि इथले झाले. 'मैदान'ही तिकडचंच. 'शर्यत' हा शब्द अरबी 'शर्त'वरून आला. उर्दूत 'शर्त' म्हणजे अट आणि 'शर्त लगाना' म्हणजे पैज लावणं. मराठीत त्याच शब्दाची धाव झाली. धावणं आणि पैज लावणं एकाच शब्दाच्या पोटात बसलेत, आणि रेसकोर्सवरही ते असेच एकमेकांत बसलेले आहेत.

आमच्या घरानं या शब्दाची दोन्ही टोकं पाहिली. माझे आजोबा नाशिकला टांगा हाकत. त्यांची घोडी बिजली. रात्री तिला मालीश केल्याशिवाय ते स्वतः जेवायला बसत नसत, असं दादी सांगायची. आजोबा थकल्यावर टांगा चाचांकडं आला. चाचांना आकड्यांचा नाद लागला. ते कधी रेसकोर्सवर गेले नाहीत. एका चोरट्या बुकीकडं, चहाच्या दुकानामागं, कागदावरच्या घोड्यांच्या नावांवर ते पैसे लावत. जो घोडा कधी डोळ्यांनी पाहिला नाही, त्याच्यापायी दारातली घोडी विकली गेली. त्यानंतर अब्बांनी घरात रेस हा शब्द काढू दिला नाही. मीही वयाच्या तिशीपर्यंत शर्यत पाहिली नव्हती.

मदिनेतली धाव

अभ्यास करताना कळलं की धाव आणि पैज यांची फारकत आपल्या परंपरेत फार आधी झालेली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदिनेत घोड्यांच्या शर्यती लावल्याचं हदीसच्या ग्रंथांत नोंदलेलं आहे. तयार केलेल्या, चपळ घोड्यांसाठी हफयापासून सनियतुल विदापर्यंत पाच-सहा मैलांची लांब धाव होती. तयार नसलेल्या घोड्यांसाठी तिथून बनू जुरैकच्या मस्जिदीपर्यंतची छोटी. धावणाऱ्यांत तरुण अब्दुल्लाह इब्न उमर होते. घोड्याच्या ताकदीप्रमाणं अंतर ठरवणं, म्हणजे जनावराची काळजी घेणं, त्या मैदानात होतं. जिंकणाऱ्याला बक्षीस देण्यालाही फिक्हच्या पंडितांनी वाट ठेवली. एकानं हरायचं आणि दुसऱ्यानं त्याचा पैसा खिशात घालायचा, तो जुगार मात्र बंद.

आपल्या देशाचा कायदा वेगळ्या वाटेनं जातो. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. मुंबई इलाख्यात रेसकोर्सच्या परवान्याचा कायदा १९१२पासूनच होता. कायदा कायद्याच्या जागी. माझा हिशोब मात्र माझ्यापाशी आहे. म्हणून कुठल्या मैदानावर जायचं हे ठरवताना मी तीन गोष्टी पाहतो. घोडा जवळून पाहता येतो का? खिशाला हात न लावता दिवस काढता येतो का? आणि ते मैदान कुठला इतिहास सांगतं?

महालक्ष्मी आणि पुणे

मुंबईत शर्यती आधी भायखळ्याला होत. तेव्हा इराणच्या आखातातून गलबतांनी अरबी घोडे मुंबई बंदरात उतरत आणि अरब सौदागर त्यांचा व्यापार करत. मुंबईच्या शर्यतींचा पाया या घोड्यांनी घातला. १८८३मध्ये मैदान महालक्ष्मीला आलं. वरळीच्या खाडीला बांध घातल्यावर जी सखल जमीन मोकळी झाली, तिच्यावर ते वसलं. जवळच समुद्रात हाजी अलींचा दर्गा, दुसऱ्या बाजूला महालक्ष्मीचं देऊळ. शर्यतींचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. इंडियन डर्बी फेब्रुवारीच्या सुरुवातीला, अंतर २४०० मीटर. पहिली डर्बी १९४३ साली झाली आणि ती प्रिन्सेस ब्युटिफुल नावाच्या घोडीनं जिंकली.

पण पहिल्यांदा जाणाऱ्यानं डर्बीला जाऊ नये, असं माझं मत आहे. त्या दिवशी टोप्या, सूट आणि कॅमेरे दिसतात, घोडा दिसत नाही. साध्या दिवशी जावं. शर्यतीआधी सईस घोड्यांना रिंगणात फिरवतात, तिथं कठड्याला टेकून उभं राहावं. कोणता घोडा कान टवकारून चालतोय, कोणाच्या मानेला आधीच घाम फुटलाय, कोण सईसाच्या खांद्याला नाक घासतोय, हे सगळं तिथं दिसतं. मग कठड्याशी जाऊन शेवटच्या वळणाकडं कान लावायचा. आधी काहीच नसतं. मग दूरवर कुणी पोतं आपटावं तसा बद्द आवाज, आणि क्षणात तो छातीत येतो. मी पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मला डर्बी आठवली नाही, शिरपामाळ आठवला.

पुण्याचं रेसकोर्स त्याहून जुनं, १८३०चं. जमीन लष्कराची. इथं हंगाम पावसाळ्याचा, जुलै ते ऑक्टोबर. गर्दी कमी, बाजूला एम्प्रेस गार्डन, मुलंबाळं घेऊन जाणाऱ्याला हे मैदान बरं. पुण्याला गेलात तर येरवड्याचा १८९२चा आगाखान पॅलेसही पाहा. त्या वास्तूचं नाव आपण महात्मा गांधींच्या नजरकैदेमुळं आणि कस्तुरबांच्या निधनामुळं जाणतो. ती बांधणारे तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह हे जगातल्या मोठ्या अश्वमालकांपैकी एक होते. इंग्लंडची एप्सम डर्बी त्यांच्या घोड्यांनी पाच वेळा जिंकली: १९३०, १९३५, १९३६, १९४८ आणि १९५२.

मलकपेठ, सारंगखेडा आणि नुसती नावं

मराठवाड्यातल्या वाचकांना हैदराबादचं मलकपेठ जवळ. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १८८६मध्ये शर्यती तिथं आणल्या. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत मराठवाडा त्याच राज्यात होता, तेव्हा ते मैदान आपल्याही इतिहासाचा भाग आहे.

ज्यांना पैजेच्या सावलीतही उभं राहायचं नाही, त्यांच्यासाठी नंदुरबार जिल्ह्यातलं सारंगखेडा आहे. तापीच्या काठी दत्तजयंतीला तिथं यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार लागतो. ते रेसकोर्स नव्हे, पण घोडा ओळखायला शिकण्याची शाळा आहे. गिऱ्हाइकाला दाखवायला घोडे चालवतात, पळवतात. अबलख, नुकरा, पंचकल्याणी हे शब्द तिथं अजून जिवंत आहेत. पहिले दोन तिकडून आलेले, तिसरा अस्सल इथला, आणि तिन्ही एकाच दावणीला.

आणि काही मैदानांचं फक्त नाव उरलंय. कोल्हापुरात रेसकोर्स नाका आहे, माथेरानला ऑलिंपिया नावाचं रेसकोर्स. अशा जागीही मी थांबतो. संस्थानिक गेले, सुटीचे साहेब गेले, घोडे पांगले. नाक्यावर रिक्षावाला पत्ता विचारतो तेवढ्यापुरती शर्यत उरते.

पैजेविना मैदान

माझे काही मित्र म्हणतात, "मास्तर, तुम्ही पैसे लावत नाही हे खरं, पण ते मैदान चालतं लावणाऱ्यांच्या पैशावर. तुमचं तिकीटही त्याच गल्ल्यात जातं." मुद्दा खोटा नाही. ज्यांना त्या कारणानं जाऊ नये वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही. चाचांची गोष्ट मलाच ठाऊक आहे.

पण धाव पैजेशिवाय उभीच राहू शकत नाही, हे मला मान्य नाही. कोकणातल्या आणि आमच्या पालघर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली मुलं आखातात नोकरीला आहेत. त्यांनी सुटीच्या दिवशी दुबईचं मैदान पाहून यावं. त्याचं नावच 'मैदान' आहे, २०१०मध्ये ते उघडलं. १९९६पासून होणारा दुबई वर्ल्ड कप आता तिथं धावतो. तिथल्या शर्यतीत पैज लावण्याची खिडकी नाही. प्रेक्षक फुकटच्या कूपनवर अंदाज लिहितात आणि बरोबर आला तर बक्षीस मिळतं. त्यामागं शेखांची अमाप दौलत आहे आणि ती आपल्याकडं नाही, हे खरं. तरीही 'शर्यत'मधून 'शर्त' बाहेर काढता येते, याचा तो पुरावा आहे.

आपल्याकडं मात्र मैदानंच आक्रसत चाललीत. महालक्ष्मीचा भाडेपट्टा २०१३मध्ये संपला. २०२४मध्ये सुमारे २११ एकरांपैकी १२० एकरांवर सार्वजनिक उद्यान करायचं आणि ९१ एकर क्लबकडं ठेवायचं असं ठरलं. त्याच वर्षी तामिळनाडू सरकारनं उटी आणि चेन्नईच्या गिंडी इथली रेसकोर्सची जमीन ताब्यात घ्यायला सुरुवात केली. गर्दीच्या शहरात गरिबाच्या मुलाला खेळायला जागा मिळत असेल तर मी तिच्या बाजूनं आहे. महाराजांचं ते पत्र मुलांना शिकवतो, तेव्हा जमिनीवर पहिला हक्क कुणाचा हा प्रश्न मला टाळता येत नाही. पण बागेत पाटी तरी लागावी, की इथं घोडे धावत होते, ते कुठून येत होते आणि त्यांचे सईस कोण होते. नाहीतर महालक्ष्मीचाही रेसकोर्स नाका व्हायला वेळ लागणार नाही.

म्हणून वाचकहो, जायचं असेल तर लवकर जा. जवळचं मैदान आधी निवडा, साधा दिवस निवडा. तिकिटाचे आणि चहाचे पैसे घ्या, बाकी पाकीट घरी ठेवा. सोबत एखादं मूल न्या.

आठवीतली ती मुलगी वारली कुटुंबातली आहे. तिला मी फोनवर एक ध्वनिफीत ऐकवली, महालक्ष्मीच्या कठड्याशी उभं राहून केलेली. तिनं फोन कानाला लावला, पुन्हा ऐकला आणि म्हणाली, "सर, हा तर पाऊस येतानाचा आवाज आहे." जव्हारच्या पावसाची सवय असलेल्या कानांनी दिलेलं हे उत्तर मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात, पुण्याचा हंगाम सुरू झाला की, शाळेची आणि तिच्या आईवडिलांची परवानगी घेऊन वर्गातल्या मुलांना तिकडं न्यायचा विचार आहे. अब्बा असते तर आधी रागावले असते. मग बहुधा त्यांनी विचारलं असतं, तिथं बिजलीसारखी एखादी दिसली का.