दिनविशेष : १८ ऑक्टोबर
शत्रूचा खांदा

१८ ऑक्टोबर १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रगृहात, ब्रॉडवेवर १९५७ साली अवतरलेले ‘वेस्ट साइड स्टोरी’ हे संगीत नाटक चित्रपटरूपाने प्रथम प्रदर्शित झाले. गल्लीच्या मालकीसाठी गोऱ्या व पोर्तो रिकन तरुणांत पेटलेल्या वैरात प्रियकर बळी पडल्यावर, सूडाने थरथरणारी नायिका मारिया हाती आलेले पिस्तूल झाडीत नाही, आणि त्याच्या पार्थिवाला दोन्ही टोळ्यांतील पोरे मिळून खांदा देतात, हा चित्रपटाचा शेवट आजही प्रेक्षकाला अंतर्मुख करतो. वस्त्यावस्त्यांतील तंटे पोलिसी बंदोबस्ताने दबतात, मिटत मात्र नाहीत. द्वेषाच्या निवारणार्थ कोणाला तरी प्रथम शस्त्र खाली ठेवावे लागते, आणि ते तिरडी उचलण्यापूर्वी ठेवण्यातच शहाणपण आहे.