चौकबाजार, सुरत : पान १४२ वरील तळटीप

‘चौक’ म्हणजे तापीकाठच्या किल्ल्यासमोरचा चौकबाजार. सुलतान महमूद तिसरा याच्या काळात खुदावंदखानाने हा किल्ला पुरा केला. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर तळ दिला, तेव्हा सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला. त्याच्या तोफांचे गोळे महाराजांच्या फौजेपेक्षा शहरातल्या घरांवरच अधिक पडले. लेखकाने वर्णिलेली घबराट समजून घ्यायची, तर किल्ला आणि बाजार एकमेकांना किती खेटून आहेत हे ध्यानात ठेवायला हवे.

मेट्रोच्या भुयारी स्थानकाची जागाही इथेच आहे. सरथाणा ते ड्रीम सिटी या २१.६१ किलोमीटरच्या मार्गावरील २० स्थानकांपैकी कापोद्रा, लाभेश्वर चौक, सेंट्रल वेअरहाउस, सुरत रेल्वे स्टेशन, मस्कती हॉस्पिटल आणि चौकबाजार ही सहाच जमिनीखाली. भूमिपूजन १८ जानेवारी २०२१ रोजी झाले. बोगदे यंत्राने आतल्या आत कोरता येतात. स्थानकाला मात्र वरून खोल खड्डा घ्यावा लागतो. वरच्या मजल्यावर तिकिटे नि तपासणी, खाली फलाट. दाट वस्तीच्या जुन्या शहरात हा खड्डा म्हणजे दुकानदारांची मोठीच परीक्षा होती, हे नोंदवलेच पाहिजे. चौकबाजारानंतर कादरशाची नाळ येईपर्यंत मार्ग जमिनीवर येऊन पुलावर चढतो. खानदेशातून ताप्ती व्हॅली मार्गाने येणाऱ्या वाचकाने सुरत स्टेशनापासून किल्ल्याकडचे हे दुसरे स्थानक धरावे. मधले मस्कती हॉस्पिटल. — संपा.