उसन्या जमिनीवरची शर्यत

अंधेरी-पार्ल्याकडच्या लोकांना जुहूचा विमानतळ म्हणजे हेलिकॉप्टरची घरघर आणि इमारतींच्या उंचीला लागलेली कात्री. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण पुढे याच धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत, असं मी सांगितलं की समोरचा संशयाने बघतो.

कारण साधं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवासी विमानं सांताक्रूझला गेली. जुहूला उरली फ्लाइंग क्लबची छोटी विमानं आणि लांब, रुंद, सपाट पट्टी. वेगाला आणखी काय हवं?

हे खूळ एकट्या मुंबईचं नव्हतं. मद्रासजवळ शोलावरमला, कलकत्त्याजवळ बराकपूरला विमानांच्या पट्ट्यांवरच गाड्या पळाल्या. इंग्लंडचं सिल्व्हरस्टोन हा युद्धकाळातला हवाई तळ. तिथे 1948 मध्ये ब्रिटिश ग्रां प्री झाली. अमेरिकेत त्याही आधी जत्रांच्या मैदानांवर, घोड्यांसाठी आखलेल्या मातीच्या गोल वाटांवर मोटारी धावू लागल्या होत्या. मिलवॉकीच्या जत्रेच्या मैदानात पहिली मोटार शर्यत झाली ती 1903 साली. आपल्याकडे गावजत्रेत बैलगाडे पळतात, तसंच ते. मोटारींच्या शर्यतीचा जन्म बहुतेक ठिकाणी असा उसन्या जमिनीवर झाला.

फरक पडला तो नंतर. सिल्व्हरस्टोनचा कायमचा ट्रॅक झाला. मद्रासच्या क्लबने स्वतःची जागा घेऊन इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक बांधला; तो 1990 मध्ये सुरू झाला. मुंबईत मात्र उसनी जागा सुटली आणि हक्काची आलीच नाही. इथे जमिनीचा भाव चौरस फुटात मोजतात, आणि शर्यतीला लागतात एकरांवर एकर. इथल्या पोराला रेसर व्हायचं तर चेन्नई नाहीतर कोइम्बतूर गाठावं लागतं.

ज्यांना ते परवडत नाही, त्यातले काही शनिवारी रात्री वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर किंवा वांद्रे रेक्लमेशनला बाइक काढतात. मी त्यांची बाजू घेत नाही. त्या रस्त्यावर रात्रपाळीहून परतणारा रिक्षावालाही असतो. पण ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, चुकलं तर लाल झेंडा दिसतो आणि अँब्युलन्स आधीच उभी असते. हायवेवर ती नंतर येते.