लाहोरची फ्लॉपी ते लग्नपत्रिकेची एपीके

व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल येते, ती इन्स्टॉल केली की खात्यातले पैसे जातात, हे तुमच्या कानावर आलं असेलच. आज मला त्या फाइलची वंशावळ सांगायची आहे. खापरपणजोबा लाहोरचे आहेत.

१९८६ सालच्या जानेवारीत बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी तिथे ‘ब्रेन’ लिहिला. आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून तो ओळखला जातो. भावांचं म्हणणं असं, की आमच्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या लोक चोरून कॉप्या काढत होते, म्हणून हा उद्योग केला. आणि गंमत बघा, कोडच्या आत त्यांनी स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवले होते! वर ‘लस हवी असेल तर आमच्याशी संपर्क साधा’ असा मजकूर. घर फोडून जाताना व्हिजिटिंग कार्ड ठेवून जाणारा चोर कुणी पाहिलाय का?

ब्रेनची लक्षणं साधी होती. फ्लॉपीचं नाव बदलून ‘ब्रेन’ व्हायचं, वाचायला जास्त वेळ लागायचा आणि फ्लॉपीवरची थोडी जागा ‘खराब’ दाखवली जायची. मला मात्र त्याची दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तो फ्लॉपीच्या पहिल्याच भागात, बूट सेक्टरमध्ये बसायचा. आता तुम्ही तो भाग तपासायला गेलात, तर तो तुमच्यासमोर जपून ठेवलेली जुनी, स्वच्छ प्रत धरायचा. म्हणजे पीसीवरच्या पहिल्याच व्हायरसला लपायचं कसं हे ठाऊक होतं. म्हणून ‘मला तर काही दिसलं नाही’ हे वाक्य तेव्हाही फारसं कामाचं नव्हतं.

जवळजवळ तीन वर्षांनी, नोव्हेंबर १९८८ मध्ये अमेरिकेत मॉरिस वर्म सुटला. व्हायरसला दुसऱ्याच्या खांद्यावर बसून जावं लागतं. वर्म नेटवर्कमधून आपल्या पायांनी चालतो. तो एकाच मशीनमध्ये पुन्हा पुन्हा शिरत राहिला, मशीनं रांगायला लागली आणि म्हणूनच तो पकडला गेला.

तिसरा प्रकार ट्रोजन. मराठीत त्याची व्याख्या आधीच तयार आहे: वरून कीर्तन, आतून तमाशा. डिसेंबर १९८९ मध्ये सुमारे २०,००० फ्लॉप्या टपालाने लोकांच्या घरी गेल्या. वर लिहिलं होतं, एड्सविषयी माहिती. आतला प्रश्नसंच खरोखर चालायचा, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. साधारण ९० वेळा कॉम्प्युटर सुरू केला, की फाइलींची नावं ओळखू न येण्यासारखी व्हायची आणि पडद्यावर मागणी यायची: १८९ डॉलर पनामाच्या पोस्टबॉक्सवर पाठवा. आज ज्याला रॅन्समवेअर म्हणतात, ते हेच. पाठवणारा जोसेफ पॉप हा चांगला शिकलेला जीवशास्त्रज्ञ होता. ९० वेळा थांबायची युक्ती लक्षात ठेवा, कारण दुखणं सुरू होईपर्यंत कोणती फ्लॉपी घातली होती हे माणूस विसरून गेलेला असतो.

मग ४ मे २००० ला मनिलाहून ‘आय लव्ह यू’ आलं. जोडलेल्या फाइलचं नाव ‘लव्ह लेटर’, शेवटी टीएक्सटी आणि त्याच्याही मागे व्हीबीएस. विंडोज शेवटचं शेपूट लपवायचं, त्यामुळे प्रोग्रॅम साध्या चिठ्ठीसारखा दिसायचा. शिवाय तो अनोळखी माणसाकडून येत नव्हता. ज्याचा ईमेल तुमच्याकडे नेहमी यायचा, त्याच्याच पत्त्यावरून यायचा. फिलिपिन्समध्ये तेव्हा अशा गुन्ह्याला लागू होईल असा कायदाच नव्हता, त्यामुळे संशयित विद्यार्थी सुटला.

फोनची पाळी २००४ मध्ये आली. ‘कॅबिर’ हा वर्म नोकियासारख्या सिम्बियन फोनवर ब्लूटूथमधून पसरायचा. फोन विचारायचा, फाइल घ्यायची का? नाही म्हटलं तरी संसर्ग झालेला फोन जवळ असेपर्यंत परत परत विचारायचा. कंटाळून लोक ‘हो’ दाबायचे. सतत आजूबाजूचे फोन शोधत राहिल्यामुळे बॅटरी भराभर उतरायची. बॅटरी उतरते म्हणजे व्हायरस, ही समजूत पसरण्यात त्याचा हात असावा असं मला वाटतं.

आता ती समजूत जरा बाजूला ठेवा. तुमचा फोन स्लो आहे, तर बहुतेक वेळा स्टोरेज भरलेलं असतं किंवा बॅटरी म्हातारी झालेली असते. आणि ब्राउझरमध्ये ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडले, लगेच साफ करा’ असं लाल अक्षरात आलं, तर ती पाटी हाच सापळा आहे. वेबपेजला तुमचा फोन असा तपासता येत नाही.

लग्नपत्रिकेची एपीके या सगळ्यांची वारसदार आहे. कीर्तनाचा वेष पॉपच्या फ्लॉपीचा, ओळखीच्या माणसाकडून येणं मनिलाचं, ‘हो’ दाबायला लावणं कॅबिरचं. तिला हवी असते एसएमएस वाचायची परवानगी, म्हणजे ओटीपी हातात. अनेकदा ॲक्सेसिबिलिटीही मागते. ती दिली की पडद्यावर काय आहे ते तिला वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबता येतात. पत्रिकेला तुमचे एसएमएस कशाला वाचायचे असतात हो?

तेव्हा लक्षणं बघायची ती अशी: तुम्ही न मागता आलेला ओटीपी. बँकेचे मेसेज अचानक बंद होणं. तुमच्या नावाने मित्रांना गेलेली फाइल, जी तुम्ही पाठवलीच नाही. होम स्क्रीनवर आयकॉन नाही, पण सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत आहे असं ॲप. ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत चालू असलेलं अनोळखी नाव.

यातलं काही दिसलं तर आधी वाय-फाय आणि डेटा बंद करून फोन एअरप्लेन मोडवर टाका. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला फोन लावा (हे साल नाही, सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन आहे). आलेल्या फाइलचा आणि चॅटचा फोटो त्याच दुसऱ्या फोनने काढून ठेवा. तक्रार नोंदवून झाली, की मगच ॲपच्या परवानग्या काढून ते उडवा. ते जात नसेल, तर फोन फॅक्टरी रीसेट करा आणि पासवर्ड बदला, पण तेही त्या फोनवरून नाही.