पसुमनुसानं : स्पर्श, शुश्रूषा आणि विटाळ

पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बुलढाणा जिल्ह्यातील गावोगावी बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले खांदे कोमट पाण्याने शेकले जातात आणि त्यांवर हळद व तूप अथवा तेल चोळले जाते. या प्रथेला आज सणाचे रूप असले तरी मुळात ती श्रमलेल्या प्राण्याची, हाताच्या स्पर्शाने केलेली शुश्रूषाच होय. हे चोळणारे हात पुष्कळदा सालदाराचे असत, आणि त्यांत आपल्या समाजातील भूमिहीनांचे हातही होते. जो हात बैलाच्या खांद्याला चालत असे, तो मालकाच्या घरच्या माठाला चालत नसे. ही विसंगती कोठून आली, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम बौद्ध परंपरेने स्पर्शाकडे कसे पाहिले, हे तपासले पाहिजे.

विनयपिटकाच्या महावग्गातील चीवरक्खन्धकात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने ग्रस्त झालेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो संघाच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी स्वतः पाणी घातले, आनंदांनी त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला मंचकावर निजविले. यानंतर रुग्णसेवकाचे, म्हणजे गिलानुपट्ठाकाचे, पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीचित्ताने सेवा करावी, मलमूत्र, थुंकी वा वांती उचलताना त्याला किळस वाटू नये, आणि धम्मकथेने रुग्णाला धीर देता यावा. यातील चौथा गुण विशेष महत्त्वाचा आहे. ब्राह्मणी व्यवस्थेने ज्या कामाला विटाळ मानले, ते किळस न मानता करणे हा विनयाने सद्गुण ठरविला.

हा स्पर्श माणसापुरता मर्यादित नाही. चुल्लवग्गात देवदत्ताच्या चिथावणीवरून राजगृहाच्या रस्त्यावर सोडलेल्या नालागिरी हत्तीची कथा येते. धावून येणाऱ्या त्या हत्तीला तथागतांनी मैत्रीचित्ताने व्यापले आणि उजव्या हाताने त्याचे गंडस्थळ कुरवाळले. या कथेकडे चमत्कार म्हणून पाहण्याचे कारण नाही. भयाने व मारहाणीने पिसाळलेला प्राणी निर्भय, मृदू हाताने शांत होतो, हा पशुपालकांच्या नित्य अनुभवातील विषय आहे. ज्या अजिंठा डोंगररांगेवर बुलढाणा शहर वसले आहे, त्याच रांगेतील अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात हा प्रसंग रंगविला आहे. त्याच लेण्यात आंधळ्या आईची सेवा करणाऱ्या हत्तीची मातिपोसक जातककथाही चितारली आहे.

ही करुणा व्यक्तीच्या सद्गुणावर न सोडता तिला राज्यकारभाराचे कर्तव्य बनविले, ते सम्राट अशोकाने. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील त्याच्या दुसऱ्या शिलालेखात 'मनुसचिकीछा' आणि 'पसुचिकीछा' अशा दोन चिकित्सांची व्यवस्था केल्याचे नमूद आहे. जेथे उपयुक्त वनौषधी नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्या, वाटांवर विहिरी खणल्या आणि झाडे लावली. ही सारी व्यवस्था 'पसुमनुसानं', म्हणजे पशू व माणसे या दोहोंसाठी होती. औषधाच्याच लेखात विहीर यावी, याचा अर्थ पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील वाचकाला वेगळा सांगावयास नको. आपल्या विदर्भातच, चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथे प्राण्यांना पकडणे व मारणे यांस मनाई करणारा प्राचीन ब्राह्मी लेख सापडला आहे. म. म. वा. वि. मिराशी यांनी त्याचा संबंध अशोकाच्या धर्ममहामात्राशी जोडला आहे.

या वारशाचा पुढे कसा विपर्यास झाला, ते महाडने जगापुढे आणले. चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत, मात्र अस्पृश्य माणसाला तेथे मज्जाव होता. 'पसुमनुसानं' या समासातील 'पसु' तेवढा उरला आणि 'मनुस' वगळला गेला. गावचे मेलेले ढोर ओढण्याचे काम ज्यांच्या माथी मारले, त्यांनाच त्या स्पर्शाचा विटाळ चिकटविण्यात आला. ढोराचा मालक मात्र शुद्ध राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्याच परिषदेत मृतमांस सोडण्याचा उपदेशही केला. त्या उपदेशात प्राण्यांविषयी तिरस्कार नव्हता. लादलेल्या स्पर्शाचा तो नकार होता. मैत्रीने केलेला स्पर्श आणि जातीने लादलेला स्पर्श यांत हाच भेद आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपण जी प्रतिज्ञा घेतली, तीत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याचे वचन आहे. म्हणजे नकारानंतर स्वीकारही आहे, पण तो स्वतंत्र माणसाने स्वेच्छेने केलेला.

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात, पूर्णाकाठच्या भोन येथे, डेक्कन कॉलेजच्या उत्खननात प्राचीन विटांचा स्तूप आणि मातीच्या कड्यांच्या अनेक विहिरी उजेडात आल्या. या विहिरी अशोकाच्या आज्ञेने खणल्या असे म्हणण्यास आधार नाही, आणि तसे म्हणूही नये. परंतु स्तूप आणि पाणी ही दोन्ही जेथे शेजारी नांदली, ते स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडिताच्या छायेत आहे, ही गोष्ट प्रत्येक उपासकास ठाऊक असली पाहिजे.

आज हस्तस्पर्शाने रोग हटविण्याचे दावे अनेक करतात. धम्माचा मार्ग त्याहून साधा व अधिक कठीण आहे. औषध औषधाचे काम करते. हाताने किळस न मानता सेवा करावयाची असते. येत्या पोळ्याला बैलाचा खांदा शेकताना तो हात कोणाचा, आणि त्याच हाताला त्या घरी पाण्याचा पेला मिळतो की नाही, एवढे आपण पाहावे.