दगडफूल: ना दगड, ना फूल

आमच्या सांगलीत उन्हाळा आला की घरोघरी वर्षभराची चटणी होते. मिरची, धने, खोबरं भाजताना आई मूठभर दगडफूलही टाकायची. मला वाटायचं, हे दगडावरच उगवत असणार.

मग एका पावसाळ्यात साताऱ्याकडे, महाबळेश्वरला गेलो. तिथे झाडाच्या खोडावर तशीच करडी झालर! म्हटलं, झाडाला रोग लागलाय. नखाने खरवडायलाच निघालो होतो.

आता चूक माझी एकट्याची नाही बरं. दीडशे वर्षांपूर्वी शास्त्रज्ञही लायकेनला, म्हणजे या दगडफुलाच्या कुळाला, एकच वनस्पती समजत. १८६७ मध्ये सायमन श्वेंडेनर हा स्विस शास्त्रज्ञ म्हणाला, ही तर बुरशी आणि शैवालाची जोडी आहे! बुरशी आसरा देते, शैवाल उन्हावर अन्न बनवतं. तेव्हाच्या बड्या लायकेन-तज्ज्ञांनी त्याला वेड्यात काढलं. शेवटी खरा तोच ठरला.

म्हणजे ते झाडाचं काही खात नाही, नुसतं खोडावर बसतं. वाढतं वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर. माझ्या एका नखाने कित्येक वर्षं निघून आली असती.

हल्ली चटणीत दगडफूल टाकताना मूठ आपोआप चिमूट होते.