जुनाट वेदना : योग्य मानसतज्ज्ञ कसा शोधावा?

कंबरदुखी, मानदुखी, अर्धशिशी, संधिवात, नागीण बरी झाल्यावरही रेंगाळणारी जळजळ... तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन:पुन्हा उद्भवणाऱ्या अशा वेदनेस वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. या रुग्णांचा प्रवास साधारण एकाच वाटेने होतो. फॅमिली डॉक्टर, अस्थिरोगतज्ज्ञ, एमआरआय, फिजिओथेरपी, मधूनच एखादा काढा किंवा नातेवाइकाने सुचविलेला मालीशवाला. फाइल जाड होत जाते, वेदना मात्र तशीच राहते. मग एके दिवशी डॉक्टर मानसतज्ज्ञाला भेटण्याचा सल्ला देतात, आणि अनेकदा ती चिठ्ठी त्या जाड फाइलमध्येच पडून राहते. डॉक्टरांनी लिहिलेले असते एक आणि रुग्णाला ऐकू येते दुसरेच : ‘तुमचे दुखणे खरे नाही.’

हा गैरसमज दूर झाल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नाही, म्हणून आधी त्याविषयी.

वेदना खरीच असते

वेदनेच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये केलेली आणि २०२० मध्ये सुधारलेली व्याख्या वेदनेला संवेदनेचा आणि भावनेचा एकत्रित अनुभव मानते. वेदना ही नेहमीच व्यक्तिगत अनुभूती असते आणि रुग्ण वेदना होते असे सांगतो तेव्हा त्याचा मान राखला पाहिजे, असेही ही संघटना स्पष्ट करते. एमआरआयमध्ये काही न दिसणे म्हणजे दुखत नसणे नव्हे.

या दृष्टिकोनाची पायाभरणी १९६५ मध्ये झाली. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक आणि ब्रिटिश मज्जाशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी त्या वर्षी ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांत मांडला. शरीराच्या एखाद्या भागातून निघालेला संदेश सरळ मेंदूत पोहोचत नाही. मज्जारज्जूत जणू एक दार असते आणि ते कमी-अधिक उघडते, असे त्याचे सार. कोपर आपटल्यावर आपण ते नकळत चोळतो आणि बरे वाटते, ते यामुळेच. मेंदूकडून खाली येणारे संदेशही या दारावर परिणाम करतात. भीती, जागरण, सततचे लक्ष, चिंता यांनी दार उघडे राहते. सिद्धांताच्या तपशिलांत पुढे बरीच दुरुस्ती झाली, पण मन आणि मज्जासंस्था यांना वेदनेच्या हिशेबातून वगळता येत नाही, हे त्यानंतर कोणी गंभीरपणे नाकारलेले नाही.

जुनाट वेदनेत आणखी एक गोष्ट घडते. मूळ इजा भरून आली तरी मज्जासंस्था अतिसंवेदनशील राहते. चोर निघून गेल्यावरही वाजत राहणाऱ्या भोंग्यासारखी. दुखेल या भीतीने माणूस हालचाल कमी करतो, स्नायू दुर्बळ होतात, थोड्या श्रमानेही अधिक दुखते आणि भीती पक्की होते. लोकलचा दीड तासाचा प्रवास टाळण्यासाठी आधी रजा, मग सणसमारंभ बंद, मग मित्रही बंद. गृहिणीच्या वाट्याला याहून कठीण गोष्ट येते. तिच्या दुखण्याला घरात ‘कामाचा कंटाळा’ असे नाव मिळण्यास वेळ लागत नाही.

काय अपेक्षा ठेवावी

मानसतज्ज्ञाचे काम या दुष्टचक्रावर असते. सर्वाधिक अभ्यासलेली पद्धत म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, अर्थात सीबीटी. ‘आता हे कधीच थांबणार नाही’ यांसारखे विचार तपासणे, हालचाल ठरावीक मापाने वाढवणे, बरे वाटलेल्या दिवशी सगळी कामे उरकून पुढचे तीन दिवस अंथरुणात काढण्याची सवय मोडणे, झोप सुधारणे असे तिचे स्वरूप असते. वेदना स्वीकारून तिच्यासह आवडीचे जगणे पुन्हा सुरू करण्यावर भर देणारी ‘ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी’ ही दुसरी पद्धत.

दाव्यांच्या बाबतीत मात्र सावध राहिलेले बरे. कॉक्रेन संस्थेने २०२० मध्ये ७५ चाचण्यांचा आणि नऊ हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात सीबीटीमुळे वेदना, अक्षमता आणि मानसिक त्रास यांत फायदा दिसला, पण तो सरासरीने अल्पच होता. याउलट २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील कोलोराडोतील १५१ जणांच्या चाचणीत ‘पेन रीप्रोसेसिंग थेरपी’ घेतलेल्या कंबरदुखीच्या रुग्णांपैकी ६६ टक्के वेदनामुक्त किंवा जवळजवळ वेदनामुक्त झाले. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे, परंतु एका छोट्या चाचणीवरून कोणी ‘हमखास बरे करू’ म्हणत असेल तर त्या दवाखान्याची पायरी चढू नये.

महाराष्ट्रात अनेक जण वेदनेसाठी विपश्यनेकडेही वळतात. विपश्यनाचार्य सत्यनारायण गोयंका स्वत: ब्रह्मदेशात तीव्र अर्धशिशीने त्रस्त असताना १९५५ मध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते, केवळ डोकेदुखी घालवणे हा या साधनेचा हेतू नव्हे, असे गुरूंनी त्यांना आधीच बजावले होते. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या शिबिरात दीर्घ बैठक असते, तेव्हा पाठीच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव नोंदवू नये. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ पासून रुग्णालयातील जुनाट वेदनेच्या रुग्णांसाठी सजगतेचा जो कार्यक्रम सुरू केला, तो याहून सौम्य आणि आठवड्यातून एकदा भेटण्याचा आहे.

पाटीवर काय लिहिले आहे?

मानसोपचारतज्ज्ञ (सायकियाट्रिस्ट) हे एमबीबीएसनंतर पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि औषधे देऊ शकतात. ड्युलॉक्सेटिन किंवा अल्प मात्रेतील ॲमिट्रिप्टिलिन यांसारखी नैराश्यावरील औषधे मज्जातंतूंच्या वेदनेवरही वापरली जातात; चिठ्ठीत ती दिसली म्हणून रुग्णाने नैराश्याचा शिक्का बसला असे समजू नये. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) औषधे देत नाहीत, पण संवादातून आणि सरावातून उपचार करण्याचे रीतसर प्रशिक्षण त्यांनी घेतलेले असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार त्यांची पात्रता भारतीय पुनर्वास परिषदेने मान्यता दिलेल्या संस्थेतील असावी लागते. परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतील क्रमांक विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही. संकेतस्थळावर तो पडताळता येतो.

खरा गोंधळ आहे तो ‘समुपदेशक’ या शब्दाचा. पदव्युत्तर शिक्षण आणि वर्षानुवर्षांचा अनुभव असलेली व्यक्तीही हीच पाटी लावते आणि काही आठवड्यांचे प्रमाणपत्र मिळवणारीही. सर्व समुपदेशक अपात्र आहेत असा याचा अर्थ नव्हे. पाटीऐवजी शिक्षण विचारावे, इतकाच.

पहिल्या फोनवर विचारायचे प्रश्न

पदवीपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न म्हणजे जुनाट वेदनेच्या रुग्णांबरोबर काम केले आहे का, आणि कोणत्या पद्धतीने. ‘सगळ्याच समस्या पाहतो’ हे उत्तर पुरेसे नाही. अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टशी बोलण्याची तयारी आहे का, हेही विचारावे. वेदनेचे उपचार सुटे-सुटे झाले की रुग्णाला एकाकडून विश्रांतीचा आणि दुसऱ्याकडून व्यायामाचा सल्ला मिळतो. साधारण किती बैठका लागतील आणि प्रगती कशावरून मोजणार, याचे उत्तर पहिल्या दोन भेटींत मिळायला हवे. जिना किती, लिफ्ट आहे का, बैठकीच्या मध्ये उभे राहिले तर चालेल का, हे प्रश्न क्षुल्लक वाटतील. पण पाऊण तास लाकडी खुर्चीत बसणेच ज्याला अशक्य, त्याच्यासाठी उपचार टिकतो की सुटतो ते यावर ठरते. प्रवास झेपत नसेल तर व्हिडीओवरून बैठकी घेणारे तज्ज्ञही आता आहेत.

भाषेचाही विचार करावा. ठणका, कळ, चमक, शिणवटा, बधिरपणा यांतील फरक मराठीत सहज सांगता येतो, इंग्रजीत सांगताना अनेकांचे सगळेच ‘पेन’ होऊन जाते.

चार-पाच भेटींनंतरही आपले ऐकले जात नाही असे वाटले, तर तसे बोलून दाखवावे आणि गरज पडल्यास तज्ज्ञ बदलावा. मात्र मानसतज्ज्ञाकडे जाणे सुरू झाले म्हणून तपासण्या बंद, असे होता कामा नये. ताप, अकारण घटणारे वजन, पायातील वाढती अशक्तता किंवा लघवी-शौचावरील ताबा जाणे अशी नवी लक्षणे दिसल्यास तातडीने डॉक्टरांकडेच जावे.

खर्च आणि मदत

खासगी बैठकांचा खर्च अनेक कुटुंबांना पेलत नाही. सरकारी आणि महापालिका वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागात अल्प शुल्काच्या केसपेपरवर तपासणी होते. रांग लांब असते आणि दर आठवड्याला निवांत वेळ मिळेलच असे नाही. काही मोठ्या रुग्णालयांत भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली वेदना बाह्यरुग्ण विभाग चालतो, तेथून मानसशास्त्रज्ञाकडे पाठवणी होऊ शकते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या ‘आयपीएच’सारख्या संस्थाही योग्य तज्ज्ञ शोधण्यास उपयोगी पडतात. २०१७ च्या कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने स्थान दिले असले, तरी बहुतेक पॉलिसी दाखल होण्याचाच खर्च देतात. बाह्यरुग्ण बैठकांविषयी विमा कंपनीकडून लेखी खुलासा घेतलेला बरा.

दीर्घ वेदनेने जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर तज्ज्ञाची वेळ मिळेपर्यंत थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेलि मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती दिवसरात्र उपलब्ध असून मराठीतही बोलता येते.